कंडक्टरची फटफटी

आमचे घरमालक कधी कुठल्या खोलीत पुरते आत आले नाहीत. चौकटीला उजवा खांदा टेकवायचा, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, आणि मान दोन्हीकडे फिरती, असे ते उभे राहायचे. लग्नाला गेले तर मांडवाच्या तोंडाशी, बारशाला गेले तर ओटीच्या पायरीशी. "बसा हो" म्हटलं की म्हणायचे, "नको, माका हयसरच बरा." त्यांची सगळी नोकरी एसटीच्या लाल गाडीत कंडक्टर म्हणून दाराशी उभं राहण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर गाडी सुटली, दार काही सुटलं नाही.

गंमत म्हणजे स्वतः दार अडवून उभा राहणारा हा माणूस दुसऱ्या कोणाला दारात उभं राहू देत नसे. "दारात गर्दी नको, फुडे सरका!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते त्यांनी पोस्टमनला ऐकवलं होतं, मत मागायला आलेल्या उमेदवाराला ऐकवलं होतं आणि मी तपासत असलेल्या एका म्हशीलाही ऐकवलं होतं. म्हैस सरकली. उमेदवार तिथेच हात जोडून उभा राहिला.

मी मूळचा घाटावरचा, पेशानं गुरांचा डॉक्टर. बदली होऊन मालवणजवळच्या कट्टा गावाला आलो तेव्हा त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या मला भाड्यानं मिळाल्या. त्यांना नाव होतं, दारावरच्या पाटीवर ते लिहिलेलंही होतं, पण सगळा गाव त्यांना कंडक्टरच म्हणे, म्हणून मीही मनात कंडक्टर म्हणायचो आणि तोंडावर काका. त्यांच्या बायकोला काकी. मी त्यांना भाडेकरू कमी आणि प्रवासी जास्त वाटत असे. सकाळी मी दवाखान्यात निघालो की ते पडवीतून विचारायचे, "डॉक्टर, काय रवला नाय ना मागे? छत्री? डबो?" आणि खरंच काहीतरी राहिलेलं असायचं, याचा मला फार राग यायचा.

पडवीच्या दारावर एक घंटा होती. निवृत्तीच्या वेळी डेपोतल्या सोबत्यांनी त्यांना मोडीत निघालेल्या गाडीतली घंटा दोरीसकट काढून दिली होती. शालीपेक्षा त्यांना तिचंच कौतुक. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. घरातला सगळा कारभार ते या दोन आज्ञांवर चालवू बघत. चहा झाला की दोन घंट्या. काकी बोलायला लागल्या की एक. काकी अर्थातच थांबत नसत. "ती दोरी मी जलमात ओढूचंय नाय," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. "मी काय तुमच्या गाडयेर नोकरीक लागलंय?"

आता काकींच्या माहेराचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच घडलं. हे माहेर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर. कट्ट्याहून निघालेली गाडी वडाच्या फाट्यावर थांबते, तिथून वर चढायला तांबड्या मातीची आणि सुट्या दगडांची घाटी. रिक्षावाले घाटीचं नाव काढलं की गाडीत पेट्रोल नाही म्हणतात. दरवर्षी दिवाळीनंतर वरच्या देवीची जत्रा भरते आणि दरवर्षी काकी देवीची ओटी भरायला माहेरी जात. कशा जात? नवऱ्याच्याच गाडीनं. फाटा आला की कंडक्टर मोठ्यानं पुकारा करायचे, "वडाचो फाटोऽऽ!", काकी पिशवी घेऊन उतरायच्या, कंडक्टर दोन घंट्या द्यायचे, गाडी पुढे. जत्रेच्या दिवसांत गाड्या जादा, आणि जादा गाड्यांना कंडक्टर लागायचेच. लग्नात वरातीबरोबर एकदा काय ते वर गेले असतील, तेही रात्री, डोळ्यांवर मुंडावळ्या घेऊन. त्यानंतर नाहीच. निवृत्त झाल्यावर जायचं ठरलं, तर तोवर काकींच्या गुडघ्यांनी संप पुकारला.

"आता माझा म्हायार फोनातच रवला," काकी एकदा भावजयीशी बोलून फोन ठेवताना म्हणाल्या. रडल्या वगैरे नाहीत. तांदूळ निवडायला बसल्या. पण दारात उभ्या असलेल्या कंडक्टरांनी ते ऐकलं होतं. त्या संध्याकाळी ते माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"डॉक्टर, त्या फाट्याचो पुकारो मी जलमभर केलंय," ते म्हणाले. "पण वर काय आसा, ता कोणी इचारला तर माका सांगूक येवचा नाय. ह्या जत्रेक तिका घेवन मी वर जातलंय."

"कसे जाणार?"

"ता माझ्यार सोडा," ते म्हणाले. मी निर्धास्तपणे त्यांच्यावर सोडलं, ही माझी चूक.

चार दिवसांनी मासळीच्या टेम्पोतून एक वस्तू खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उतरली. मी पाहिलं तर पायानं उंच, पोटानं खपाट, कातडी गेलेली आणि हाडं वर आलेली. दवाखान्यात असा बैल आला असता तर मी मालकाला बाजूला घेऊन धीर दिला असता. ती मातीत, डोंगरात उड्या मारत चालवायची जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल होती. कधीकाळी गोव्याहून एक परदेशी पाहुणा तिच्यावर बसून मालवणच्या किनाऱ्यापर्यंत आला, ती वाळूत बंद पडली, आणि तो कंटाळून लाल गाडीनं परत गेला. "तेचा तिकीट मीच फाडलंय," कंडक्टर अभिमानानं म्हणाले. तेव्हापासून ती एका खानावळीच्या मागे माडाला टेकून उभी होती आणि तिच्या फाटक्या सीटमध्ये एक कोंबडी खुडूक बसली होती. खानावळवाल्यानं गाडी आनंदानं दिली. कोंबडीही बरोबर आली, कारण ती उठायला तयार नव्हती.

"हिचे कागद?" मी विचारलं.

"कागद रस्त्याक लागतत. घाटयेर रस्तो खंय आसा?"

काकी ओटीवर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी गाडीकडे पाहिलं, कोंबडीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कोंबडी बरी आसा."

कंडक्टरांना यंत्राचं काय कळत होतं? जन्मभर बंद पडलेल्या गाड्यांच्या शेजारी उभं राहून ड्रायव्हरला "काय झाला?" विचारण्याइतकं. पण उत्साह दांडगा. मोबाइलवर एका तांबड्या दाढीच्या गोऱ्या माणसाचे व्हिडिओ लावून ते खळ्यात फतकल मारून... नाही, चुकलो, खांबाला टेकून उभे राहून बघत. त्या गोऱ्याकडे भिंतभर हत्यारं होती. आमच्याकडे दोन पाने, एक हातोडी, आणि काकी आत गेल्या की पळवून आणलेला नारळ सोलायचा कोयता. गोरा काहीतरी बोलला की कंडक्टर मान हलवून म्हणायचे, "बरोबर सांगता तो." भाषेचा एक शब्द कळत नव्हता.

टाकीच्या आत गंज इतका होता की हलवली तर खुळखुळ्यासारखी वाजायची. गोऱ्यानं त्यात कसलंसं आम्ल ओतलं. आमच्याकडे आम्ल कुठलं? कंडक्टरांच्या डोक्यात उजेड पडला. काकी तांब्याची भांडी कशानं घासतात? आमसुलानं. आमसुलानं तांबं उजळतं तर लोखंडानं काय घोडं मारलंय? काकींनी वर्षाच्या सोलकढीसाठी बरण्यांत भरून ठेवलेलं कोकमाचं आगळ, खारवलेला तो सगळा लालभडक रस, त्यांनी टाकीत ओतला आणि टाकी दोन दिवस उन्हाला ठेवली. मी हसलो होतो, पण टाकी आतून चांदीसारखी निघाली. गोऱ्यालासुद्धा जमलं नसतं. काकींना बरण्या रिकाम्या सापडल्या तेव्हा मात्र घरात जे झालं ते मी माझ्या खोलीचं दार लावून ऐकलं. त्यानंतर बरेच दिवस आमच्या जेवणात सोलकढी नव्हती. मासे असले की काकी माझ्याकडे बघून म्हणायच्या, "डॉक्टर, सोलकढी हवी तर त्या टाकयेक तोंड लावा."

मग बाहेरच्या गंजाचा प्रश्न आला. खारा वारा लोखंड खातो. त्यावर होडीवाल्यांचा इलाज कंडक्टरांना ठाऊक होता. लाकूड पाण्यानं कुजू नये म्हणून होडीला माशाचं तेल चोपडतात. लाकूड टिकतं तर लोखंड का टिकू नये? त्यांनी अख्खा सांगाडा माशाच्या तेलात न्हाऊ घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर गाडीभोवती वाडीतली यच्चयावत मांजरं गोल करून बसलेली. एक तर हँडलवर चढून चाटत होतं. पुढे पुढे गाडी कुठे उभी आहे हे बघायची गरजच उरली नाही, मांजरं जातील तिकडे जायचं. गुरांचा डॉक्टर म्हणून वाडीतली लोकं मलाच विचारायला यायची, की आमचं मांजर घरी जेवत का नाही.

सायलेन्सरमध्ये काजळी धरली होती. ती जाळून काढायची असते. कंडक्टरांनी सायलेन्सर न्हाणीघरातल्या चुलीत, पाण्याच्या भांड्याखाली घातला, म्हणजे एका जाळात दोन कामं. ते त्यांनी मला सांगितलं नाही. त्या दिवशी मी आंघोळीला गेलो त्यापेक्षा काळा होऊन बाहेर आलो आणि तसाच एका रेडकाचं ऑपरेशन करायला गेलो. रेडकाचा मालक म्हणाला, "डॉक्टर, आधी तुमी आंघोळ करा, रेडकू थांबता."

एवढं होऊनही इंजिन काही बोलेना, तेव्हा मालवणहून बाबल आला. बाबल हा कंडक्टरांचा जुना प्रवासी. बंदरावर होड्यांना मागे लावतात ती मशीनं दुरुस्त करायचा. ती मशीनंही टू-स्ट्रोक, पेट्रोलातच तेल मिसळून चालणारी. बाबलनं इंजिनाकडे बघितलं आणि त्याचा चेहरा घरचं माणूस भेटल्यासारखा उजळला. "ह्या तर आमच्याच जातीचा! फक्त पंखो नाय." त्यानं इंजिन उघडलं, चिकटलेल्या रिंगा सोडवल्या, नव्या आणवल्या, कार्बोरेटर धुतला. पेट्रोलात तेल मोजून घालायला माझी म्हशीला टोचायची मोठी सिरिंज गेली. ती परत मागायची माझी हिंमत झाली नाही. पावसाळाभर दर आठवड्याला तो यायचा, आणि त्याचं नि कंडक्टरांचं दर आठवड्याला भांडण व्हायचं. सगळ्यात मोठं भांडण इंजिन सुरू करायच्या दिवशी झालं.

"पिंप खंय आसा?" बाबलनं विचारलं.

"कसला पिंप?"

"पाण्याचा! मशीन पाण्याभायर चालू करतंस? मेल्या, जाम जातला."

बाबलचंही चूक नव्हतं. होडीचं मशीन पाण्यानं थंड होतं. दुरुस्तीनंतर ते सुरू करून बघायचं तर शेपूट पिंपात बुडवूनच. पाण्याबाहेर सुरू झालेलं इंजिन त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं. कंडक्टरांनी त्याला इंजिनावरच्या पत्र्याच्या पापुद्र्यांवर बोट ठेवून दाखवलं. "ह्येका पाणी लागणा नाय. हे बघ कल्ले. वाऱ्यान थंड जाता."

"कल्ले पाण्यात चलतत," बाबल म्हणाला. "वाऱ्यार मासो मरता."

कंडक्टर पुन्हा कल्ले दाखवत, बाबल पुन्हा पिंप मागे. शेवटी तडजोड झाली. इंजिनावर ओलं गोणपाट टाकायचं आणि काकींनी बाजूला तांब्या घेऊन उभं राहायचं.

शेणानं सारवलेल्या खळ्यात गाडी उभी केली. शेजारीपाजारी जमले. तिकडे देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय कुठलंच काम सुरू होत नाही. कंडक्टरांनी नारळ ठेवला, टोपी सारखी केली आणि प्रवाशांना पुकारा करायच्या आवाजात सुरू केलं, "बा देवा म्हाराजा! आज ह्या दोन चाकांचा जनावर तुझ्या पायाशी उभा केलेला आसा! तेच्या नळयेत, चाळणीत, खंय जर काय कचरो, खंय कोणाची वायट नजर अडाकली आसात, तर ती भायर काढ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"आणि जो कोण म्हणता ह्या पाण्याशिवाय चलूचा नाय, तेका बरी बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात बाबलही सवयीनं ओरडला आणि मग त्यानं जीभ चावली.

कंडक्टरांनी लाथ मारली. काही नाही. पुन्हा मारली. बाबलनं मारली. मी मारली, माझा पाय मुरगळला. गाव घामाघूम झालं. काकी तांब्या घेऊन जवळ आल्या, वाकल्या आणि म्हणाल्या, "ही वायर कसली लोंबता?"

प्लगची वायर लावायचीच राहिली होती. "देव सगळा करीत," काकी म्हणाल्या, "पण वायर लावक तो येवचो नाय."

वायर लावली. कंडक्टर पुरते दमले होते. त्यांनी कशीबशी अर्धी लाथ मारली आणि गाडी एकदम धडधडून जिवंत झाली. निळा धूर, गोणपाटातून वाफा, माशाच्या तेलाचा करपट वास आणि पळणारी मांजरं यांत खळं दिसेनासं झालं. लोकांनी टाळ्या पिटल्या. कंडक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं, धुरानं असेल. ते गाडीवर चढले, पहिला गियर टाकला, समोरच्या रस्त्याकडे बघत क्लच सोडला आणि गाडी सरळ मागे निघाली.

टू-स्ट्रोकची ही खोड मला नंतर कळली. लाथ अर्धी बसली तर ते इंजिन उलटं फिरायला लागतं, आणि आवाजात काडीचा फरक पडत नाही. पहिला गियर टाकला की गाडी तितक्याच इमानानं मागे जाते. दुसऱ्या कोणी ब्रेक दाबला असता. कंडक्टरांच्या आयुष्यात गाडी मागे जायला लागली की करायचं काम एकच. त्यांनी मान वळवली आणि गाडीच्या मागे उभं राहून ओरडावं तसे स्वतःच ओरडायला लागले, "येव दे… येव दे… येव दे…" आणि गोठ्यामागच्या शेणाच्या खड्ड्यात शिरताना, "बस, बस, बस!"

ते कमरेपर्यंत शेणात होते, पण गाडी चालू होती. बाबल काठावर उभा राहून म्हणाला, "थंड झाला बघ मशीन. मी काय सांगी होतंय?"

काकींनी त्यांना विहिरीवर नेऊन घागरी ओतल्या.  शेवटची घागर ओतल्यावर म्हणाल्या, "आगळ गेला, मांजरा इली, आता ह्या. माका म्हायाराक जावचा नाय."

त्या रात्री कंडक्टरांनी घंटा वाजवली नाही. मला त्यांचं खरंच वाईट वाटलं. जत्रा आठवड्यावर आली होती.

दोन दिवसांनी काकींच्या भाच्याचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे मीही ऐकलं. "आत्या, तू फाट्यार ये. आमी चौघे खुर्ची घेवन खाली येतो आणि तुका उचलून वर नेतो."

काकी ताडकन म्हणाल्या, "मी काय मेलंय, चौघांनी उचलूक?" फोन ठेवला, थोडा वेळ खळ्यातल्या गाडीकडे बघत बसल्या आणि मग दारातल्या नवऱ्याला म्हणाल्या, "खुर्चयेत बसान गेलंय तर लोक रडतले. तुमच्या मागे बसान गेलंय तर हसतले. हसूंदेत."

जत्रेच्या दिवशी गाडी मासळीच्याच टेम्पोतून फाट्यावर आणली. वडाच्या पारावर चढून काकी तिच्यावर बसल्या, नव्या लुगड्याचा काचा मारून. हँडलला कंडक्टरांनी ती डेपोची घंटा बांधली होती आणि दोरी मागच्या सीटपर्यंत आणली होती. "दोन घंटी दिल्याशिवाय गाडी हलूची नाय," ते म्हणाले. काकी म्हणाल्या, "मगे रवा हयसरच." शेवटी बाबलनं दोन घंट्या दिल्या आणि गाडी निघाली. मागून मी ओटीची पिशवी घेऊन आणि बाबल पाण्याची कळशी घेऊन, अजून त्याचा कल्ल्यांवर विश्वास नव्हता.

अर्धी घाटी गाडीनं झकास काढली. मग ते वळण आलं. उभा चढ, पायाखाली सुटे दगड. गाडी धापली, खोकली आणि बंद पडली. आम्ही दोघांनी ती मागून रेटून धरली. वरून ढोलांचा आवाज येत होता, म्हणजे देऊळ जवळच होतं. कंडक्टरांनी लाथ मारली. पण त्या चढावर, त्या उंच गाडीवर, पाय पुरा खाली जाईना. अर्धी लाथ. इंजिन सुरू झालं, गियर टाकला आणि गाडी आमच्या अंगावर मागे आली. बाबलनं कळशी टाकली आणि दोन्ही हातांनी गाडी अडवली. पुन्हा लाथ, पुन्हा उलटं. दोनदा, चारदा. बाबलनं मारून बघितलं, त्याचाही पाय दगडाला अडकला.

कंडक्टरांनी इंजिन बंद केलं. काकींना हात देऊन खाली उतरवलं आणि स्वतः वाटेच्या कडेला सरकून उभे राहिले, उतरणाऱ्या प्रवाशाला जागा करून देतात तसे.

"जा गो," ते म्हणाले. "हयसून बसत बसत जा. मी तुका दरवर्सा अर्ध्यारच सोडलंय. आजव तसाच." आवाज त्यांचा नेहमीचा पुकाऱ्याचा नव्हता. पावसाळाभर मी त्या माणसावर वैतागलो होतो, पण त्या क्षणी ती गाडी मला खांद्यावर उचलता आली असती तर मी उचलली असती.

काकींनी वर बघितलं. खाली बघितलं. गुडघ्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अवो," त्या म्हणाल्या, "ही मागे बरी चलता ना?"

"मागेच चलता."

"मगे फिरवा तिका. तोंड खाली, शेपटी वर."

 बाबल हळूच म्हणाला, "होडी पण मागे घेतंव आमी, कधी कधी."

"पण माका वाट दिसतली कशी?" कंडक्टर म्हणाले.

"तुमका कित्याक दिसाक होयी? जलमभर गाडयो मागे घेतलात, तेव्हा ड्रायव्हराक दिसा होता? ही येकच वाट आसा जी माका ठावक आसा आणि तुमका नाय. मी सांगतंय तसे या."

गाडी फिरवली. कंडक्टर दरीकडे तोंड करून बसले. एका चिऱ्यावर चढून काकी त्यांच्या पाठीला पाठ लावून, माहेराकडे तोंड करून बसल्या. अर्धी लाथ, इंजिन सुरू. कंडक्टर काही बोलणार एवढ्यात काकींनी मागे हात केला, दोरी चाचपली आणि ओढली. दोन घंट्या.

"येव दे," काकी म्हणाल्या. "येव दे… डावीकडे घ्या, थंय फणसाचा मूळ आसा… येव दे… हयसर मी पोरगी असताना पडलंय, दगड सुटो आसा, बेतान… येव दे…" कंडक्टर दोन्ही पायांनी जमीन ढकलत होते, बाबल आणि मी खालून हँडल रेटत होतो. गाडीनं त्यांना वर नेलं की आम्ही गाडीला नेलं, याबद्दल बाबलचं आणि माझं अजून एकमत नाही. पण एकदाही मान न वळवता, बायको सांगेल तसं हँडल फिरवत, कंडक्टर त्या घाटीतून उलटे वर चढत होते, आणि त्यांच्या पाठीमागून काकींचा आवाज दर दगडाला मोठा होत होता.

वर अख्खी जत्रा काठाशी गोळा झाली होती. आधी लोक घाबरले, मग हसले. पोटभर हसले. मग भावजय पुढे आली, तिनं काकींना ओळखलं आणि हसता हसता रडायला लागली. काकींनी एक घंटी दिली. गाडी थांबली.

"पावलो काय?" कंडक्टरांनी दरीकडेच बघत विचारलं. "खंय इलो?"

"तुमीच बघा."

ते उतरले आणि वळले. समोर सुकून पिवळा झालेला गवताचा माळ, मधे छोटंसं देऊळ, खेळण्यांची चार दुकानं, पलीकडे काजीच्या झाडांआड काकींच्या भावाचं घर, आणि मागे फार लांब समुद्राची एक रेघ. माळावरून त्यांनी मान दोन्हीकडे फिरवली. मग एवढंच म्हणाले, "वडाच्या फाट्याच्या वर ह्या आसा होय."

देवीची ओटी भरून झाल्यावर आम्ही काकींच्या भावाच्या घरी गेलो. भावजयीनं पायांवर पाणी घातलं. काकी आत गेल्या, मी आणि बाबल आत गेलो, पाटावर बसलो. सोलकढीचा वास येत होता. कंडक्टर चौकटीला उजवा खांदा टेकवून उभे होते, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. मेव्हण्यांनी दोनदा "बसा" म्हटलं. "नको," ते म्हणाले, "माका हयसरच बरा."

आतून काकींचा आवाज आला, नीट पुकाऱ्याचा, सगळ्या घराला ऐकू जाईल असा.

"अवो, दारात गर्दी नको. फुडे सरका."

कंडक्टरांनी मागे वळून एकदा बाहेर बघितलं. मग दुसरा पाय उंबऱ्याच्या आत घेतला, माझ्या शेजारच्या रिकाम्या पाटापर्यंत आले आणि बसले.